अकरा लाखांचा सभामंडप आणि साठ दिवस थकलेलं ऊसबिल

कर्नाटकातल्या निपाणी आणि चिकोडीच्या मधलं, दूधगंगेच्या पाण्यावरचं एक मराठीभाषक गाव. पाचशे एकर ऊस, एकरी सरासरी चाळीस टन, म्हणजे हंगामाला वीस हजार टन. सगळा ऊस एकाच खाजगी कारखान्याला जातो. फेब्रुवारी २०२६ संपत आला आहे आणि २० डिसेंबरच्या सुमारास गेलेल्या उसाचं बिल अजून खात्यावर आलेलं नाही. त्याच आठवड्यात मालकांचा निरोप येतो: विठोबाच्या देवळाच्या सभामंडपाला अकरा लाख रुपये देतो, यात्रेआधी कार्यक्रम ठरवा. देवस्थानच्या पंचांपुढं प्रश्न पडतो. देणगी घ्यायची की नाही? घेतली तर बिलाचं तोंड उघडायचं कसं? नाही घेतली तर पुढच्या हंगामात तोड कधी मिळणार?

हे गाव आणि हा कारखाना नमुना म्हणून मांडले आहेत. टनेज, खर्च, थकलेले दिवस आणि देणगीची रक्कम हिशोबासाठी धरलेली आहे. कायद्याची कलमं आणि सरकारी दर मात्र प्रत्यक्षातले आहेत. प्रश्न विषमतेचा आहे, पण तो जगातल्या धनाढ्यांच्या यादीतून पाहण्यापेक्षा वजनकाट्याच्या पावतीवरून पाहिला तर जास्त स्पष्ट दिसतो.

दोन एकरवाल्याचा हिशोब

या गावात दोन एकरवाले सर्वांत जास्त. को ८६०३२ या जातीच्या उसाची लावण, एकरी चाळीस टन धरले तर ऐंशी टन ऊस. दर ३,३०० रुपये टन. हा आकडा मूडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवरच्या आंदोलनातून आलेला आहे. तिथं ऑक्टोबर २०२५ अखेरीपासून शेतकरी ३,५०० रुपये मागत रस्त्यावर बसले होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत तोडणी-वाहतूक वजा जाता, ११.२५ टक्के उताऱ्याला (उसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला) ३,३०० रुपये ठरले. त्यातले ५० रुपये सरकारने द्यायचे, म्हणजे कारखान्याचं देणं ३,२५० रुपये टन.

ऐंशी टनांचे २,६४,००० रुपये झाले. मशागत, बियाणं, खत, पाणीपट्टी, भांगलण, भरणी असा एकरी साठ हजार खर्च धरला तर १,४४,००० रुपये उरतात. लावण ते तोड चौदा महिने. म्हणजे घराला महिन्याला दहा हजार रुपये, तेही सगळं नीट झालं तर.

नीट होत नाही ते कुठं कुठं? पहिली गळती शेतातच लागते. तोडणी-वाहतुकीचे पैसे बिलातून आधीच कापलेले असतात, तरी तोडणीच्या टोळीला खुशाली आणि ड्रायव्हरला एंट्री, असे वरचे पैसे द्यावे लागतात. टनाला शंभर रुपये धरले तर आठ हजार. दुसरी गळती काट्यावर. वीस टनांच्या खेपेमागं तीनशे किलो कमी लागले तर दीड टक्का होतो. ऐंशी टनांत १.२ टन, म्हणजे ३,९६० रुपये. तिसरी गळती उशिराची, आणि तीच या प्रकरणाचा गाभा आहे.

शेतकऱ्याने सोसायटीचं पीककर्ज घेतलेलं आहे, १,२०,००० रुपये. कर्नाटकात पाच लाखांपर्यंतचं अल्पमुदत पीककर्ज बिनव्याजी मिळतं, पण ते मुदतीत फेडलं तर. मुदत जानेवारीअखेर. बिल आलेलं नाही. कर्ज थकलं तर बिनव्याजी सवलत जाते आणि नवं कर्ज अडतं. म्हणून तो गावातच महिना शेकडा तीनने दोन महिन्यांसाठी पैसे उचलतो आणि सोसायटी भागवतो. व्याज ७,२०० रुपये. तिन्ही गळत्या मिळून १९,१६० रुपये होतात. त्याच्या हाती राहणाऱ्या पैशातले हे तेरा टक्क्यांहून जास्त, आणि यातला एकही रुपया पाऊस, कीड किंवा बाजारभावामुळं गेलेला नाही.

टोळीबद्दल एक गोष्ट इथंच सांगायला हवी. खुशाली मागणारा तोडकरी हा या साखळीतला चोर नाही, तो सर्वांत खालच्या पायरीवर आहे. मुकादमाची उचल अंगावर घेऊन तो पाच महिने पालात राहतो. तोडणी दर, वाहतूकदाराचं कमिशन आणि मुकादमाची टक्केवारी यांत त्याच्या वाट्याला नेमकं किती येतं याची पावती त्याला कुणी देत नाही. दोन एकरवाला शेतकरी त्याच्यावर रागावतो, कारण तो समोर दिसतो. मालक दिसत नाही.

चौदा दिवस, आणि करारातली एक ओळ

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मधलं कलम ३(३) सांगतं की ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे. ३(३अ) सांगतं की त्यापुढं जितका काळ पैसे थकतील तितक्या काळाचं द.सा.द.शे. १५ टक्के व्याज द्यायचं. ३(८) प्रमाणे थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, म्हणजे जिल्हाधिकारी कारखान्याच्या गोदामातल्या साखरेला सील ठोकू शकतात.

२० डिसेंबरला गेलेल्या उसाची मुदत ३ जानेवारीला संपली. पैसे ४ मार्चला आले असं धरू, म्हणजे उशीर साठ दिवसांचा. दोन एकरवाल्याचं कारखान्याकडचं येणं २,६०,००० रुपये, त्यावर साठ दिवसांचं व्याज ६,४११ रुपये. हे व्याज मिळालं असतं तर गावातल्या सावकाराचं व्याज जवळजवळ फिटलं असतं. ते मिळत नाही, कारण बिलाच्या पावतीवर व्याजाचा रकानाच नसतो.

आता गावाचा हिशोब, सगळ्याच उसाला तेवढा उशीर धरून. वीस हजार टन, ३,२५० रुपये, म्हणजे साडेसहा कोटी. १५ टक्क्यांनी रोजचं व्याज २६,७१२ रुपये, साठ दिवसांचं १६,०२,७४० रुपये. देणगी अकरा लाखांची. म्हणजे मालकांनी गावाला दिलेली देणगी ही गावाच्याच एक्केचाळीस दिवसांच्या व्याजाइतकी आहे. उरलेल्या एकोणीस दिवसांचे पाच लाख कारखान्याच्या खात्यावरच राहिले. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याने सगळ्यांनाच साठ दिवस उशीर केला तर न दिलेलं व्याज आठ कोटींच्या घरात जातं. हजारो दोन एकरवाल्यांनी, स्वतः छत्तीस टक्के वर्षाने पैसे उचलून, कारखान्याला बिनव्याजी दिलेलं हे कर्ज असतं.

कलम ३(३) मध्ये एक वाक्यांश आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. चौदा दिवसांची अट ‘उभयपक्षी लेखी करार वेगळा नसेल तर’ लागू होते. ऊस नोंदीच्या वेळी कारखान्याच्या गट ऑफिसात जो फॉर्म पुढं येतो, त्यात पैसे हप्त्याने किंवा साखर विक्रीप्रमाणे स्वीकारण्याची ओळ असेल, तर सही करणाऱ्याने स्वतःच आपलं संरक्षण सोडलेलं असतं. सीमाभागात ही गोष्ट दुप्पट बोचते. फॉर्म कानडीत असतो. इथला मराठी शेतकरी कानडी बोलतो, बाजारात व्यवहार करतो, पण बारीक टायपातली कराराची कानडी वाचून अर्थ लावणं वेगळं. कारखान्याचा स्लिपबॉय म्हणतो, ‘इथं सही करा, काका, नाहीतर नोंद राहील.’ काका सही करतात. त्यामुळं नोंदीच्या दिवशी करायचं काम एकच: फॉर्मचा मोबाइलवर फोटो घ्यायचा, कानडी वाचणाऱ्या घरातल्या मुलाकडून पेमेंटची ओळ वाचून घ्यायची, आणि ती ओळ असेल तर तिच्यावर काट मारून बाजूला सही करायची. गट ऑफिस तयार होत नसेल तर फोटो आणि तारीख तरी जवळ राहते.

हप्त्यांचा प्रश्न नदीपलीकडंही होता. महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, दोन टप्प्यांत देण्याची मुभा काढली होती. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती रद्द केली आणि एकरकमी एफआरपीचा मार्ग मोकळा झाला. निपाणीतला ज्याचा ऊस कागल-कोल्हापूरकडं जातो त्याला हा निकाल ठाऊक असतो, आणि शेजारच्या बांधावरच्या भावाला बिल कधी मिळालं हेही. इथल्या असंतोषाला ही तुलना खतपाणी घालते. ती गैर नाही.

काट्यावर नेमकं काय होतं

काटामारी म्हणजे कुणी दगड लावतो असं आता राहिलेलं नाही. काटा इलेक्ट्रॉनिक, लोडसेलवर बसवलेला आणि संगणकाला जोडलेला असतो. चूक तीन ठिकाणी शिरते. एक, रिकाम्या गाडीचं वजन. प्रत्येक खेपेला गाडी रिकामी झाल्यावर ती पुन्हा काट्यावर घ्यायला हवी. गर्दीच्या नावाखाली हंगामाच्या सुरुवातीला घेतलेलं वजनच वापरलं जातं. त्यानंतर ट्रॉलीला नवी फळी बसलेली असते, किंवा काढलेली असते. दोन, काटा आणि संगणक यांच्यातली सॉफ्टवेअरची कडी. पडद्यावर दिसणारा आकडा आणि पावतीवर छापला जाणारा आकडा एकच आहे का हे शेतकरी पाहू शकत नाही, कारण पडदा केबिनच्या आत असतो. तीन, पाचट आणि बांधणीच्या नावाने होणारी वजावट, जी यंत्राने तोडलेल्या उसात जास्त होते.

पडताळणी करायची असेल तर बाहेरच्या, वैधमापन खात्याने त्या वर्षी शिक्का मारलेल्या काट्यावर भरलेली गाडी आधी घालायची आणि कारखान्यातून परतताना त्याच काट्यावर रिकामी गाडी घालायची. दोन्ही पावत्यांवर गाडी नंबर, तारीख आणि वेळ हवी. एका खेपेच्या तफावतीवरून काही सिद्ध होत नाही. वाटेत ऊस पडतो, उन्हात ओल उडते, दोन काट्यांत वीस-तीस किलोंचा फरक राहतोच. दहा खेपांत दहाही वेळा फरक एकाच बाजूला, शेकडो किलोंचा, येत असेल तर मात्र तक्रार उभी राहते. ड्रायव्हरला या फेऱ्यात अर्धा तास जातो, म्हणून त्याला डिझेलचे पैसे आधीच द्यावेत. हा खर्च एकट्याने केला तर परवडत नाही. गटाने पंधरा दिवसांतून एकदा, आगाऊ न सांगता केला तर परवडतो.

कारखान्याची बाजू खोटी नाही

इथं घाई केली तर सगळं प्रकरण भाषणात जाईल. कारखान्याला पैशाची खरी अडचण असते. ऊस साडेचार-पाच महिन्यांत येतो आणि चौदा दिवसांत पैसे मागतो. साखर बारा महिने, केंद्राने ठरवून दिलेल्या मासिक कोट्याप्रमाणे विकायची असते. मधली दरी बँकेच्या मालतारण कर्जाने भरतात. बँक गोदामातल्या साखरेच्या किमतीतून मार्जिन कापून उचल देते, आणि जुनं कर्ज असेल तर त्याचा हप्ता त्यातूनच वळता होतो. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये किलो झाला आणि २०२५ पर्यंत तिथंच राहिला. त्याच काळात एफआरपी वाढत २०२५-२६ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपयांवर, आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपयांवर आली.

दहा लाख टन गाळप आणि ११.२५ टक्के उतारा धरला तर साखर होते ११ लाख २५ हजार क्विंटल. ३,८०० रुपये भाव धरला तर ४२७ कोटी ५० लाख. उसाचे ३,२५० आणि तोडणी-वाहतुकीचे ८५० धरून खर्च ४१० कोटी. साडेसतरा कोटींत पगार, चुना-गंधक, दुरुस्ती आणि बँकेचं व्याज बसत नाही. म्हणजे केवळ साखरेचा हिशोब पुढं ठेवला तर कारखाना तोट्यात, आणि तसाच तो शेतकऱ्यांपुढं ठेवला जातो.

पण कारखाना फक्त साखर विकत नाही. टनाला साधारण पाव टनाहून जास्त निघणाऱ्या बगॅसवर (चिपाडावर) वीज होते, मळीवर इथेनॉल आणि स्पिरिट, प्रेसमडवर खत. नफा तिथं आहे. रंगराजन समितीने २०१२ मध्ये म्हणूनच साखर आणि उपपदार्थ मिळून येणाऱ्या उत्पन्नाचा ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा उसाला द्यावा असं सुचवलं होतं. त्या सूत्राने चालायचं तर आसवनीचा (मळीपासून स्पिरिट काढणाऱ्या प्रकल्पाचा) आणि वीजनिर्मितीचा हिशोब उघडा हवा. आसवनी मालकांच्याच दुसऱ्या कंपनीच्या नावावर असली तर साखर कारखाना तिला मळी कोणत्या भावाने विकतो, हा एकच प्रश्न पुरेसा आहे. भाव कमी लावला की नफा एका खिशातून दुसऱ्यात जातो आणि शेतकऱ्याला दाखवायचा खिसा रिकामा राहतो.

अडचण खरी असेल तर मालकाने करायचं काम अवघड नाही. पंधरा तारखेला नोटीस लावावी: इतकी साखर गोदामात, इतकी तारण, इतकं येणं, अमुक तारखेपर्यंत बिल, उशिराचं व्याज अमुक. शेतकरी थांबतो. वर्षानुवर्षे थांबलेलाच आहे. त्याला न सांगता थांबवलं जातं, हा अपमान पैशाहून जास्त लागतो.

तीन खुर्च्या आणि एक माणूस

आता या प्रकरणाचा लोकशाहीशी संबंध कुठं येतो ते पाहू. सीमाभागात ऊस घेणारा, जिल्ह्याच्या सहकारी पतपुरवठ्यावर वजन असणारा आणि विधानसभेत बसणारा, हे तिघे अनेकदा एकाच घरातले असतात. पक्ष वेगवेगळे असू शकतात, घर एकच. राज्यात ऊस खरेदीचा २०१३ चा कायदा आहे, त्याखाली नियंत्रण मंडळ आहे. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तेव्हा बाहेर गाळप ऐन भरात असतं. उसाच्या थकबाकीवर आत चर्चा होते आणि चर्चेला बसलेल्यांतले काही जण बाहेर ऊस घेणारे असतात. देणेकऱ्यानेच न्यायनिवाड्याच्या खुर्चीत बसावं असा हा प्रकार आहे.

कायद्याला हे दिसत नाही, कारण कंपनी आणि माणूस त्याच्या दृष्टीने वेगळे. उमेदवाराच्या शपथपत्रात त्याची, पत्नीची, अवलंबितांची संपत्ती आणि देणी येतात. आमदाराला लोकायुक्तांकडं दरवर्षी ३० जूनपर्यंत मालमत्तेचं विवरण द्यावं लागतं. पण कंपनीकडं शेतकऱ्यांची किती बिलं थकली आहेत, हे यातल्या कुठल्याही कागदावर येत नाही. शेअर्स संपत्तीच्या बाजूला दिसतात, आणि त्या शेअर्सना किंमत देणारं शेतकऱ्यांचं थकलेलं येणं कुठंच दिसत नाही. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही असते. मोबदल्याचं संचालकपद आणि नियंत्रणाइतके शेअर्स तिथं नोंदवावे लागतात. आमदार-मालकाला असं करायला कुणी अडवलेलं नाही. ऊस दराच्या बैठकीत ‘माझा कारखाना आहे, माझ्याकडं इतकी थकबाकी आहे, मी या ठरावावर बोलणार नाही’ एवढं इतिवृत्तात लिहून घ्यायला कुठल्याही कायद्याची गरज नाही.

श्रीमंतांवर दुसरं बंधन फारसं उरलेलंही नाही. मृत्यूनंतरच्या इस्टेटीवरचा कर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अंदाजाप्रमाणे २०२२-२३ मध्ये देशातल्या संपत्तीचा ४०.१ टक्के हिस्सा वरच्या एक टक्का लोकांकडं होता. अशा वेळी दिलेला शब्द, चौदा दिवस आणि सरळ काटा एवढंच सामान्य माणसाच्या हाती राहतं. त्यातही सूट मागणाऱ्याने उदारपणाचं श्रेय घेऊ नये.

गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष एकदाच झाले, ते डिसेंबर १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात. श्रीमंताने आपली संपत्ती विश्वस्ताच्या नात्याने सांभाळावी, हा त्यांचा विचार इथले मालकही भाषणात सांगतात. पण विश्वस्त म्हटला की त्याला हिशोब विचारता येतो, हे विसरलं जातं. याच गावातल्या विठोबाच्या देवळात यात्रेनंतर जमाखर्चाचा कागद भिंतीला चिकटवतात. नारळ किती, मंडप किती, शिल्लक किती. चुकलं तर म्हातारी माणसं काठी टेकत येऊन विचारतात. विश्वस्तपणा तो.

चेक कुणाच्या खात्याचा

देणगी स्वीकारण्याआधी पंचांनी विचारायची पहिली गोष्ट ही: अकरा लाखांचा चेक मालकांच्या स्वतःच्या खात्याचा आहे, की कारखान्याच्या? बॅनरवर फोटो मालकांचा असतो. चेक बहुतेक वेळा कंपनीचा असतो. कंपनीच्या खात्यातून देणगी जाते तेव्हा ज्या खात्यातून बिलं जायची होती त्याच खात्यातून ती जाते, आणि उदारपणाचं नाव मात्र एका माणसाला मिळतं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली निव्वळ नफा पाच कोटींवर असेल तर तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. देवळाचा सभामंडप त्या कामांच्या यादीत सहसा बसत नाही. शाळेची खोली, पिण्याचं पाणी बसतं. म्हणजे गावाला जे हक्काने मागता येईल ते मागितलं जात नाही, आणि जे न मागता मिळतं त्याचे आभार मानले जातात.

टाळायची चूक म्हणजे रागाने देणगी परत पाठवणं. ती केली तर गावात दोन तट पडतात, देवाच्या कामात राजकारण आणलं असा ठपका बिल मागणाऱ्यांवर येतो, आणि बिलाचा मुद्दा मागं पडतो. कारखाना हाच रोजगार देणारा, वाहतुकीचे ट्रॅक्टर लावणारा, पोराला शिक्षणसंस्थेत प्रवेश देणारा असतो. एकट्याने तोंड उघडलं की पुढच्या वर्षी तोडणीची चिठ्ठी लांबते. ऊस तुऱ्याला येतो, वजन उतरतं, खोडव्याला उशीर होतो. नोंदीचा क्रम मोडणं हेच सूड घेण्याचं मुख्य हत्यार आहे, आणि ते कागदावर दिसत नाही. म्हणून अर्ज एकाचा असू नये. किमान तीस जणांचा हवा, आणि त्यांच्यात मोठा बागायतदार, सोसायटीचा संचालक, ज्याचा ट्रॅक्टर कारखान्याला लागलेला आहे असा एखादाही हवा. त्या सगळ्यांची तोड एकदम लांबवता येत नाही.

अर्जात काय असावं तेही नेमकं सांगायला हवं. प्रत्येकाचं नाव, गट नंबर, ऊस पोहोचल्याची तारीख, वजनपावती क्रमांक, टन, दर, पंधराव्या दिवसापासून पैसे जमा झाल्याच्या दिवसापर्यंतचे दिवस आणि व्याजाची रक्कम. दर लिहिताना नुसती एफआरपी लिहू नये. ११.२५ टक्क्यांना एफआरपी टनाला ३,८९६ रुपये होते, त्यातून तोडणी-वाहतूक ८५० गेली की ३,०४६ उरतात. जाहीर दर ३,२५० आहे. कारखाना व्याज लावायची वेळ आली की कमी आकडा धरतो. कलम ठरलेल्या दराचाही उल्लेख करतं, म्हणून जाहीर दराच्या आदेशाची प्रत जोडावी. मूळ रकमेची पावती घेताना ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेलं असेल तर खाली ‘व्याज बाकी’ लिहून सही करावी. हे दोन शब्द लिहिले नाहीत म्हणून पुढं दावा लंगडा पडतो. अर्जाच्या तीन प्रती कराव्यात: एक कारखान्याला पोच घेऊन, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक ऊस विकास आयुक्त व साखर संचालकांना.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाकावा. खाजगी कारखाना त्या कायद्यात थेट येत नाही, पण कारखान्याने सरकारला कळवलेली थकबाकी आणि काट्याच्या पडताळणीचे अहवाल सरकारी दप्तरात असतात आणि ते मागता येतात. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. कर्नाटकाच्या नियमात अर्ज दीडशे शब्दांपुरता आणि एकाच विषयाचा असावा लागतो, म्हणून थकबाकी आणि काटा यांचे दोन वेगळे अर्ज करायचे. भाषेचा पेच इथंही आहे. कलम ६(१) प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत हवा. मराठी अर्ज या कारणाने परत येऊ शकतो. मराठी माणसाला त्यातल्या त्यात सोपा मार्ग म्हणजे हिंदी. लिपी तीच, आणि अर्ज नाकारायला कारण उरत नाही. कानडी येणारा शेजारी असेल तर कानडीत करावा, उत्तर लवकर मिळतं. इथं मराठी आणि कानडी शेतकऱ्यांची बिलं एकाच दिवशी थकतात, तेव्हा सह्याही एकाच कागदावर असाव्यात.

या नमुन्यातले पंच देणगी घेतात. पावती कंपनीच्या नावाने फाडतात, कारण चेक कंपनीचा असतो. बॅनरवरही कंपनीचंच नाव लावायचं ठरतं. कार्यक्रम ४ मार्चनंतर, बिलं जमा झाल्यावर होतो. एकतीस शेतकरी ‘व्याज बाकी’ लिहून सह्या करतात. त्यांच्या २,४८० टनांचं साठ दिवसांचं व्याज १,९८,७४० रुपये होतं. अर्जावर पहिली सही देवस्थानच्या अध्यक्षांची आहे. जमाखर्चाच्या भिंतीवर यंदा दोन कागद आहेत: एकावर सभामंडपाची जमा ११,००,००० रुपये, दुसऱ्यावर गावाचं कारखान्याकडचं येणं १६,०२,७४० रुपये, आणि खाली तारीख घालायला मोकळी जागा.